दोन्ही कानांचा तोल गेल्यावर विजेचं इम्प्लांट बसवावं का?

प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, घर कळव्यात. दोन वर्षांपूर्वी मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी जेंटामायसिनची इंजेक्शनं झाली. ताप उतरला, घरी आले आणि आठवड्याभरात चालताना झोकांड्या जायला लागल्या. बसल्यावर किंवा आडवं पडल्यावर काहीच त्रास नाही. गरगरत नाही, ऐकू चांगलं येतं, एमआरआय नॉर्मल. चक्करची गोळी तेव्हापासून रोज चालू आहे. आता वाचलं की परदेशात अंतर्कर्णात इलेक्ट्रोड बसवून तोल परत आणतात. ते इथे होतं का, आणि वडिलांसाठी करावं का?

आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. व्हेस्टिब्युलर इम्प्लांट, म्हणजे तुम्ही वाचलेलं तोलाचं यंत्र, हे बहिऱ्या कानाला ऐकू यावं म्हणून बसवतात त्या कॉक्लिअर इम्प्लांटसारखं पैसे भरून बसवून घेण्याचं यंत्र अजून झालेलं नाही; ते संशोधनाच्या चाचण्यांतूनच बसवलं जातं. आणि उद्या ते मिळायला लागलं तरी तुमच्या वडिलांच्या बाबतीत घाई करू नये, कारण त्यांना ऐकू चांगलं येतं. या शस्त्रक्रियेत पणाला लागतं ते नेमकं तेच.

आता मुळापासून बघू. प्रत्येक कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, एकमेकींशी जवळपास काटकोनात. डोकं वळलं की नलिकेतलं द्रव मागे रेंगाळतं, नलिकेच्या मुळाशी जो फुगवटा असतो त्यातला लवचिक पडदा झुकतो आणि तिथल्या केसपेशी, म्हणजे केसांसारखे तंतू असलेल्या पेशी, नसेला खबर देतात. जेंटामायसिन आणि स्ट्रेप्टोमायसिन या केसपेशी मारतात. नस मात्र बहुतेक वेळा शाबूत राहते. खबर देणारा गेला, तार शिल्लक आहे. इम्प्लांटची सगळी कल्पना या एका गोष्टीवर उभी आहे.

जेंटामायसिनबद्दल दोन गोष्टी बऱ्याच घरांना माहीत नसतात. रक्तातली औषधाची पातळी आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन ठीक असतानाही हे नुकसान होऊ शकतं. शिवाय ते उशिरा कळतं, कारण पेशंट खाटेवर पडून असतो. उठून चालायला लागल्यावर लक्षात येतं आणि सगळे म्हणतात, ‘अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू.’ दोन्ही बाजू सारख्याच गेल्यामुळे गरगरतही नाही. गरगरणं हे दोन कानांच्या बातमीत तफावत पडल्याचं लक्षण. इथे दोघेही गप्प.

केसपेशींचं रोजचं सर्वांत मोठं काम म्हणजे डोळे स्थिर ठेवणं. डोकं उजवीकडे गेलं की डोळे तेवढेच डावीकडे फिरतात, तेही साधारण १० मिलिसेकंदांत. नजरेने बघून डोळे सावरायचे म्हटलं तर त्याच्या दहापट वेळ जातो. म्हणून तुमचे वडील ठाणे स्टेशनच्या पुलावर उभे राहिले तर इंडिकेटर वाचू शकतात, पण चालता चालता वाचायला गेले की अक्षरं उड्या मारतात. हा प्रश्न त्यांना नेमका असाच विचारा: ‘चालताना पाटी वाचता येते का, की थांबावं लागतं?’ ‘थांबावं लागतं’ आणि ‘अंधारात जास्त त्रास होतो’ ही दोन उत्तरं आली तर निम्मं निदान झालं.

उरलेलं निम्मं आकड्यांत हवं. तुम्ही पाठवलेल्या माहितीत एकही आकडा नाही. एमआरआय नॉर्मल असणं इथे अपेक्षितच आहे, कारण मेलेल्या केसपेशी एमआरआयमध्ये दिसत नाहीत. बारानी सोसायटी या तोलाच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या निकषांप्रमाणे दोन्ही कानांचा तोल गेला असं म्हणायला लक्षणांबरोबर यापैकी किमान एक लागतं: डोक्याला झटका देऊन डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या व्हिडिओ हेड इम्पल्स चाचणीत, म्हणजे व्हीएचआयटीत, आडव्या नलिकेचा गेन दोन्ही बाजूंना ०.६ पेक्षा कमी; किंवा कानात पाणी सोडून करायच्या कॅलरिक चाचणीत गरम-थंड मिळून प्रत्येक कानाच्या डोळ्यांच्या वेगाची बेरीज सेकंदाला ६ अंशांपेक्षा कमी; किंवा फिरत्या खुर्चीवर ०.१ हर्ट्झला गेन ०.१ किंवा त्याहून कमी आणि त्यासोबत फेज, म्हणजे डोळे आणि डोकं यांच्या हालचालीतलं वेळेचं अंतर, बराच पुढे सरकलेला. गेन म्हणजे डोळ्याचा वेग भागिले डोक्याचा वेग. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो.

या चाचण्या नीट झाल्या नाहीत तर आकडा खोटा येतो, आणि ते वारंवार घडतं. व्हीएचआयटीचा चष्मा सैल बसला की तो डोक्यावर सरकतो आणि गेन भलताच दिसतो. पट्टा कपाळावर वळ उमटेल इतका घट्ट हवा. डोकं हळू फिरवलं तर चाचणीला अर्थ नाही. झटका लहान पण जोरकस लागतो, १०-२० अंशांचा, आणि पेशंटला आधी न कळू देता. कॅलरिकमध्ये कानात मळ असेल तर पाण्याचं तापमान आत पोचतच नाही आणि चांगला कान मेलेला दिसतो. चक्करची गोळी डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवलेली नसेल तर कॅलरिकचे आकडे दबतात. वडिलांची गोळी तर दोन वर्षं चालू आहे, तेव्हा हे आधी. दोन्ही चाचण्या करून घ्या: व्हीएचआयटी डोक्याच्या वेगवान हालचाली तपासते, कॅलरिक अगदी संथ. आणि सोबत शुद्ध स्वराचा ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची चाचणी, दोन्ही कानांचा. तो पुढे उपयोगी पडेल.

आता यंत्राकडे. मोबाइल कुठे वळतोय ते त्याला कळतं ते त्यातल्या सेन्सरच्या जिवावर. त्याच जातीचा तीन अक्षांचा जायरोस्कोप, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणारा सेन्सर, डोक्यावर बसतो आणि डोकं कोणत्या दिशेने किती वेगाने फिरतंय ते सतत मोजतो. प्रोसेसर त्या वेगाचं रूपांतर विजेच्या पल्समध्ये करतो. ते पल्स त्वचेखालच्या स्टिम्युलेटरपर्यंत चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून जातात आणि तिथून तीन नलिकांच्या मुळाशी ठेवलेल्या इलेक्ट्रोडांत. प्रत्येक पल्स दुहेरी असतो, आधी एका दिशेने आणि लगेच तितकाच उलट दिशेने, म्हणजे पेशीत विद्युतभार साचून इजा होत नाही. प्रवाह काही शे मायक्रोॲम्पिअरचा.

इथे एक गोष्ट थांबून बघण्यासारखी आहे. कान डोकं वळल्यावरच बोलतो असं नाही. माकडांमधल्या मोजणीत तोलाच्या नसेचा प्रत्येक तंतू डोकं स्थिर असतानाही सेकंदाला सुमारे ९०-१०० वेळा टिकटिकतो. एका बाजूला वळलं की टिकटिक वाढते, उलट बाजूला वळलं की घटते. म्हणून इम्प्लांटलाही आधी ही स्वस्थ टिकटिक द्यावी लागते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सच्या यंत्रात ती सेकंदाला १०० पल्सच्या आसपास ठेवतात आणि डोक्याच्या वेगाप्रमाणे वर-खाली करतात. जिनिव्हा आणि मास्ट्रिख्टच्या गटाने वेगळा मार्ग घेतला: पल्सचा दर कायम, बदलते ती प्रवाहाची ताकद.

यातून दोन परिणाम निघतात. पहिला: यंत्र चालू केलं त्या क्षणी मेंदूला वाटतं की डोकं जोरात फिरतंय. डोळे एका बाजूला ओढले जातात, चक्कर येते. काही मिनिटांत, कधी अर्ध्या तासात, मेंदू ती नवी पातळी ‘स्वस्थ’ म्हणून स्वीकारतो. बंद केलं की हेच उलट्या दिशेने. गर्दीच्या लोकलमध्ये कोणाच्या तरी बॅगेने कॉइल निसटली तर काय होईल याचा विचार करा. दाराजवळ उभं राहणं तर सोडाच. हॉपकिन्सच्या गटाने त्यामुळे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवण्याचा मार्ग धरला. दुसरा परिणाम: १०० वरून वर जायला भरपूर जागा आहे, खाली मात्र शून्यापर्यंतच. एकाच कानात इम्प्लांट असेल तर त्या बाजूला वळताना डोळ्यांचा प्रतिसाद बरा मिळतो, उलट बाजूला कमकुवत. ही यंत्राची चूक नव्हे, नसेचीच मर्यादा आहे.

आणि ही यंत्रं नलिकांची नक्कल करतात, म्हणजे फक्त डोक्याचं फिरणं सांगतात. सरळ रेषेतला वेग आणि गुरुत्वाकर्षण कळवणारे दोन अवयव, युट्रिकल आणि सॅक्युल, वेगळे आहेत. लोकलने ब्रेक मारला की पुढे ढकलल्यासारखं होतं ती खबर त्यांची. ती या यंत्रातून मिळत नाही. स्पेनमधल्या ग्रान कनारियाच्या गटाने सॅक्युलच्या बाजूने विजेचे पल्स देऊन बघितले आहेत. ती कल्पना वेगळी आहे, तिथे डोक्याच्या हालचालीनुसार बदल न करता सलग पल्स देतात.

शस्त्रक्रिया वरवर कॉक्लिअर इम्प्लांटसारखी आहे. पूर्ण भूल, कानामागे छेद, कानामागचं मास्टॉइड हाड ड्रिलने कोरायचं, नलिकांची हाडाची भिंत उघडी करायची. चेहऱ्याची नस आडव्या नलिकेला लागूनच जाते, म्हणून तिच्यावर मॉनिटर लावलेला असतो आणि स्नायू शिथिल करणारं औषध टाळतात, नाहीतर नस चाळवली तरी चेहरा हलणार नाही आणि कळणार नाही. मग नलिकेच्या फुगवट्याजवळ जेमतेम मिलिमीटरभराचं छिद्र. आतलं द्रव सक्शनने ओढलं गेलं तर ऐकणं जाण्याचा धोका वाढतो. वरची आणि आडवी या दोन नलिकांचे फुगवटे शेजारी-शेजारी आहेत, मागचा लांब. म्हणून इलेक्ट्रोडच्या फांद्याही त्याच बेताने केलेल्या असतात. टेबलावरच नसेचा विद्युत प्रतिसाद मोजून इलेक्ट्रोड थोडा पुढे-मागे सरकवतात. शेवटी स्नायूवरच्या पातळ आवरणाचा तुकडा लावून छिद्र बंद.

यंत्र तीन-चार आठवड्यांनी चालू होतं आणि खरी मेहनत तिथून सुरू होते. पेशंटला अंधारात बसवून व्हिडिओ चष्म्यातून डोळे बघायचे आणि एकेका इलेक्ट्रोडमधून प्रवाह वाढवत न्यायचा. आडव्या नलिकेचा इलेक्ट्रोड असेल तर डोळे आडवे सरकले पाहिजेत. तिरके किंवा वर-खाली गेले तर प्रवाह शेजारच्या नसेत सांडतोय. दुसरा संपर्कबिंदू वापरायचा, किंवा तिन्ही इलेक्ट्रोडांना मिळून द्यायच्या प्रमाणाचं गणित बदलून दिशा सुधारायची. वरची मर्यादा बहुधा चेहऱ्याची नसच ठरवते: पापणी किंवा ओठाचा कोपरा फडफडला की तिथे थांबायचं. डोळ्यांना आणखी प्रवाह हवा असतो, पण चेहरा देऊ देत नाही.

मिळतं काय? १९६० च्या दशकात बर्नार्ड कोहेन आणि सहकाऱ्यांनी प्राण्यांमध्ये एकेका नलिकेची नस विजेने चेतवून डोळे कुठे जातात ते दाखवलं. २००० साली गाँग आणि मर्फेल्ड यांनी गिनीपिगमध्ये पहिलं चालतं यंत्र बसवलं. माणसात सुरुवात २००७ मध्ये जिनिव्हाला झाली, हॉपकिन्सची चाचणी २०१६ पासून. सिॲटलच्या गटाने २०१० मध्ये मेनिएर या कानातून चक्कर येण्याच्या आजाराच्या रुग्णांत प्रयत्न केला, पण तिथे शस्त्रक्रिया केलेल्या कानांच्या ऐकण्याचं मोठं नुकसान झालं. हॉपकिन्सने २०२१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आठ जणांचे निकाल छापले. डायनॅमिक गेट इंडेक्स या चालण्याच्या चाचणीत २४ पैकी मध्यक गुण सहा महिन्यांत १२.५ वरून २२.५ वर गेले. डोळे मिटून फोमवर उभं राहण्याचा वेळ ३.६ सेकंदांवरून ८.३ वर, पूर्ण वेळ ३० सेकंद. चालण्याचा वेग सेकंदाला १.०३ मीटरवरून १.१०. म्हणजे चालताना मान फिरवणं, अडथळा ओलांडणं चांगलंच सुधारलं. अंधारात मऊ जमिनीवर उभं राहणं थोडंच. जिनिव्हा-मास्ट्रिख्टच्या गटाने ट्रेडमिलवर चालवत अक्षरं वाचायला लावली तेव्हा यंत्र चालू असताना वाचन चांगलं सुधारलेलं दिसलं. इंडिकेटरचा प्रश्न हाच.

आता किंमत. त्याच आठ जणांपैकी पाच जणांची शस्त्रक्रिया झालेल्या कानाची ऐकण्याची पातळी ३ ते १६ डेसिबलने घसरली. उरलेल्या तिघांची ७४ ते १०४ डेसिबलने. ७४ डेसिबलची घसरण म्हणजे तो कान संभाषणासाठी गेला. जेंटामायसिन तोल मारतं आणि ऐकणं बहुधा सोडून देतं, त्यामुळे वडिलांसारख्या पेशंटकडे गमावण्यासारखं सगळ्यांत जास्त असतं. उलट क्षयरोगासाठी कॅनामायसिन किंवा ॲमिकासिन घेऊन ज्याचं ऐकणं आणि तोल दोन्ही गेलं, किंवा मेंदूज्वराने दोन्ही गेलं, त्याच्या बहिऱ्या कानात कॉक्लिआ (ऐकण्याचा अवयव) आणि नलिका दोन्हींचे इलेक्ट्रोड असलेलं एकत्रित यंत्र बसवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. जिनिव्हा-मास्ट्रिख्टचा मार्ग तोच आहे. मेंदूज्वरानंतर मात्र नलिका हाडाने भरून जाऊ शकतात, म्हणून आधी पातळ कापांचा सीटी आणि द्रव दाखवणारा एमआरआय लागतोच. नसच गेली असेल किंवा लहान मेंदूचा आजार असेल तर इम्प्लांटचा उपयोग नाही. एकाच कानाचा तोल गेला असेल, किंवा कूस बदलताना काही सेकंद गरगरत असेल, तर हा विषयच वेगळा.

भारतात असं यंत्र बसवायचं तर २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस नियमांखाली केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी, नैतिकता समितीची मंजुरी आणि सीटीआरआयवर, म्हणजे वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी लागते. सीटीआरआयची नोंद कोणालाही बघता येते. कोणी ‘आमच्याकडे करतो’ म्हणालं तर आधी नोंदणी क्रमांक मागा. चाचणी म्हणवून पैसे मागितले, किंवा स्टेम सेलने केसपेशी उगवतो असं सांगितलं, तर चहा संपवून उठून या. जाता जाता: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत तोल गमावणं स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे ऐकणं चांगलं असेल तर प्रमाणपत्राची वाट अवघड आहे.

मग आज करायचं काय. पहिलं, ती गोळी. सिनारिझीन आणि प्रोक्लोरपेराझिन मेंदूची तोल सावरण्याची प्रक्रिया दाबतात आणि वर्षानुवर्षं घेतल्यास हातपाय कापणं, जखडणं असा पार्किन्सनसारखा त्रास देतात. बीटाहिस्टीनने इथे नुकसान नाही, पण मेलेल्या केसपेशीही उठत नाहीत. लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलून कमी करत बंद करा.

दुसरं, व्यायाम. भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला कार्ड चिकटवा, त्यावर ठळक एक अक्षर. एक मीटरवर बसून नजर अक्षरावर रोवायची आणि मान उजवी-डावी, दोन्हीकडे १५-२० अंश, एक मिनिट. मग वर-खाली एक मिनिट. वेग असा की अक्षर पुसट व्हायच्या बेतात यावं, पुसट होऊ नये. हळू हळू मान फिरवली तर काही शिकलं जात नाही. लोक इथेच चुकतात आणि ‘व्यायामाने फरक नाही’ म्हणतात. दिवसातून ३ ते ५ वेळा, एकूण २० ते ४० मिनिटं, सहा-सात आठवडे. जमलं की उभं राहून, मग पाय जोडून, मग दुमडलेल्या गादीवर, मग नक्षीदार पडद्यासमोर. उभ्याने करताना खोलीच्या कोपऱ्यात पाठ आणि समोर खुर्ची, म्हणजे पडायला जागाच राहत नाही.

तिसरं, पाय. तोल कान, डोळे आणि तळपाय या तिघांवर चालतो. एक गेला की उरलेल्या दोघांची तपासणी दुप्पट महत्त्वाची. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवून कंपन कळतं का ते बघून घ्या. बी-१२ आणि साखर तपासा. मोतीबिंदू असेल तर लांबवू नका. प्रोग्रेसिव्ह चष्म्याने जिना उतरताना पायरी पुसट दिसते. चालण्यासाठी साधा दूरचा चष्मा वेगळा करा. मऊ स्लिपर टाका, पातळ पण कडक तळाची चप्पल घाला. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर दिवा. पावसाळ्यात पाणी साचलेल्या, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर काठी हवीच, लाज बाजूला ठेवून. अंधार पडल्यावर स्कूटर नाही. पोहणं एकट्याने मुळीच नाही: पाण्याखाली डोळे मिटले की वर कुठे आणि खाली कुठे ते त्यांना कळणार नाही.

आणि जिथे जेंटामायसिन दिलं गेलं तिथून इनडोअर पेपर मागून घ्या, त्यावर डोस आणि दिवस असतात. वडिलांच्या प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहा: जेंटामायसिन, ॲमिकासिन, स्ट्रेप्टोमायसिन देऊ नये. पुढच्या तापाला इमर्जन्सीत कोणी तेच इंजेक्शन भरलं तर उरलासुरला तोल आणि राहिलेलं ऐकणं, दोन्ही जाऊ शकतं.